सगळ्यांनी आत यावं

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. नंदगडच्या आमच्या घराच्या सोप्यात मी तोंडावर पेपर घेऊन पडलो होतो. पेपर वाचण्यासाठी असतो हे दुपारच्या जेवणापर्यंतच खरं. त्यानंतर त्याची गणना पांघरुणात होते. अंगणात चटयांवर भात वाळत होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी सायकल स्टँडला लावली, तेवढाच एक आवाज झाला, आणि मग सगळं गाव अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं कौलांखाली गप्प झालं. एवढ्यात आतल्या खोलीतून पुतण्या ओरडला, "आत या! आत या रे सगळे! लवकर!"

पुढच्या अर्ध्या मिनिटात घरातलं एकही माणूस आत आलं नाही. उलट जे आत होते तेच बाहेर धावले. वहिनी पदर खोचत माजघरातून अंगणात आली आणि चटईची टोकं गोळा करू लागली. शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे ओढायला निघाल्या, त्यांच्यामागून त्यांची सून मिरच्यांचं सूप उचलायला. मी स्वतः पेपरासकट उठून परड्यातल्या रेडकाकडे अर्ध्या वाटेत पोचलो होतो. मग आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. आभाळ निळीत बुडवून काढलेल्या धोतरासारखं स्वच्छ होतं.

"काय झालं म्हणून वरडायलास?" वहिनीनं दारातूनच विचारलं.

"गॉब्लिन आलेत गं आई. माझी माणसं बाहेरच आहेत अजून."

"आले तर येऊ देत. भात भिजलं नाही न्हवं?" असं म्हणून तिनं चटई पुन्हा पसरली.

पोरगा बेळगावला इंजिनिअरिंग शिकतो आणि सुट्टीत लॅपटॉपवर एक गड राखतो. खेळाचं नाव ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे आपल्या भाषेत बुटक्यांचा गड. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांनी तो रचला आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये लोकांपुढे ठेवला. सुरुवातीला त्यात चित्र असं नव्हतंच. डोंगर, झाड, दार, शत्रू, सगळी अक्षरं आणि चिन्हं. एखाद्यानं पंचांगाच्या पानावर लढाई मांडावी तसं ते दिसायचं. तरीही २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तो आपल्या संग्रहात घेतला, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याची चित्रांची आवृत्ती निघाली. डोंगर पोखरून बुटक्यांचं गाव वसवायचं, भुयारात शेती करायची, दारू गाळायची, कारण दारूवाचून बुटक्यांचं काम रेंगाळतं, आणि अधूनमधून गॉब्लिनांचा वेढा पडला की सगळ्यांना जगवायचं. गंमत अशी की खेळणाऱ्याला यातल्या एकाही बुटक्याला हाताला धरून चालवता येत नाही. त्यानं फक्त कामं सांगायची. ती कधी करायची आणि करायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही.

वेढ्याच्या वेळी काय करायचं याची सोय खेळात आहे. आधीच गडाच्या पोटात एक सुरक्षित जागा आखून ठेवायची. पुतण्या तिला 'बरो' म्हणतो, मी बीळ म्हणतो. शत्रू दिसला की इशारा द्यायचा, म्हणजे न लढणाऱ्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून त्या बिळात जायचं, आणि मग वर उचलायचा पूल उचलून घ्यायचा. कागदावर हे सरकारी परिपत्रकासारखं निर्दोष आहे. पण पुलाची कळ ओढायलाही एक बुटकाच लागतो, आणि तो नेमका त्या वेळी जेवायला बसलेला असतो. जे बाहेर असतात त्यांच्यातल्या कुणाला मागच्या लढाईत मेलेल्या गॉब्लिनाचा पायमोजा पडलेला दिसतो. फुकटचा पायमोजा! समोरून शत्रूची रांग येते आहे, मागे पूल उचलायच्या बेतात आहे, आणि हा गृहस्थ मोजा उचलायला निघालेला. मांजरांचं तर आणखी वेगळं. त्या जगात माणूस मांजर पाळत नाही, मांजरच आपला मालक निवडतं, म्हणजे तेवढं त्या दोन भावांनी अगदी घरोघरी पाहून लिहिलेलं दिसतं. आयांची तान्ही मुलं त्यांच्या अंगावरच असतात, आणि आई सैन्यात असली तर लढाईतही ती मुलाला घेऊनच उतरते.

"काका, एवढी जागा केलेय, खायला आहे, प्यायला आहे," पुतण्या कळवळून म्हणाला. "तरी ही माणसं आत का येत नसतील?"

मी अंगणात पाहिलं. वहिनी भात पायानं सारखं करत होती. मला उत्तर सुचलं होतं, पण ते त्याच्याच आईच्या रूपानं उन्हात उभं असल्यामुळे बोलता आलं नाही.

त्याच अंगणाच्या कोपऱ्यात त्याच्या धाकट्या बहिणीनं यंदाचा किल्ला केला होता. आमच्या बेळगावकडच्या मुलांची दिवाळी फराळापासून नाही, किल्ल्याच्या मातीपासून सुरू होते. दगड रचायचे, चिखलात बुडवलेली पोती त्यांवर पांघरायची, हळीव पेरून रान उगवायचं, फुटक्या आरशाचं तळं करायचं. माझ्या लहानपणी मातीची चित्रं खानापूरच्या बाजारातून यायची. खानापूरची माती मडक्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेली; कुंभारकाम शिकवणारी संस्थासुद्धा तिथं आहे. त्या मातीचा एक करडा, ओला वास चित्रांना रंगाखालूनही यायचा. सगळ्यात वर सिंहासनावर महाराज, त्यांच्याभोवती मावळे, दाराशी तोफ. आणि खाली पायथ्याशी गवळण, भाजीवाली, कावडवाला, जात्यावरची बाई. मावळ्यांच्या जागांवरून आमची भांडणं व्हायची, पण खालच्या या लोकांचं फारसं कुणी मनावर घ्यायचं नाही. त्यांना उरलेल्या जागेत ठेवायचं. त्यामुळे गुहेतला वाघ भाजीवालीपासून चार बोटांवर तोंड उघडून बसलेला असायचा आणि ती चार दिवस त्याच्यासमोर वांगी मांडून शांत असायची.

आता विचार करतो तेव्हा लक्षात येतं की आमच्या किल्ल्याच्या मांडणीत एक मूलभूत चूक होती. गवळण बुरुजापेक्षा उंच होती. हल्ला झाला असता तरी तिला आत घेणं शक्य नव्हतं. महादरवाजातून तिची घागरदेखील गेली नसती. हल्ले तर रोजच व्हायचे. शेजारच्या आळीतली पोरं सुतळी बॉम्ब लावायची, रात्री मांजर तटावरून फिरायचं, एकदा बैल तळ्यातलं पाणी प्यायला आला आणि आरसा चाटून निराश होऊन गेला. दर हल्ल्यानंतर आम्ही मावळे मोजायचो. गवळणीला कुणी मोजल्याचं आठवत नाही. ती आपली घागर सांभाळत, एका कानाचा टवका उडालेली, पुढच्या वर्षीच्या दिवाळीला खोक्यातून तशीच निघायची.

ज्यांना आम्ही सगळ्यात वर बसवायचो, त्यांनी मात्र या खालच्या लोकांना मोजलं होतं. पुढे कधीतरी ऑक्टोबर १६६२ चं एक पत्र वाचनात आलं. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन होता, आणि मोगलांची धाड मावळात उतरणार अशी खबर होती. तेव्हा शिवाजी महाराजांनी रोहिड खोऱ्यातल्या सर्जेराव जेध्यांना लिहिलं. पत्रात तोफांचा हिशेब नाही, शौर्याच्या गोष्टी नाहीत. गावोगाव ताकीद करा, बायकामुलांसकट रयतेला घाटाखाली, जिथे शत्रू पोचणार नाही अशा जागी पाठवा, रात्रीचा दिवस करा, हयगय करू नका, असं सांगितलं आहे. जे शेतं राखायला मागे राहतील त्यांनी उंचावर थांबावं आणि गनीम दुरून दिसताच निघून जावं. आणि यात कसूर झाली, माणसं पकडली गेली, तर ते पाप तुमच्या माथी बसेल, असं बजावलं आहे.

मला त्या पत्रातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते शेत राखणारे. लिहिणाऱ्याला माहीत होतं की कितीही ताकीद केली तरी काही लोक येणार नाहीत. ऑक्टोबर महिना, शेतात पीक उभं; ते टाकून कुठला कुणबी घाटाखाली जाऊन बसेल? दुसरा एखादा असता तर त्यांना हुकूम मोडणारे म्हणून मोकळा झाला असता. इथं त्यांची आधीच सोय लावली आहे: राहायचंच असेल तर निदान उंचावर राहा. ज्यानं आज्ञेत माणसाच्या हट्टालाही थोडी जागा सोडली, त्याच्या घरात आई मोठी असली पाहिजे. पुतण्याला मी हे सांगितलं. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे दोन बरो. एक खाली आणि एक टेकडीवर." तीनशे साठ वर्षांनी का होईना, कुणीतरी पत्राची पोच दिली.

आत आणून ठेवणं तरी कुठं सोपं असतं? पुतण्याचा एक गड म्हणे वेढ्यात शत्रूचा बाणही न लागता बुडाला. सगळे बिळात सुखरूप होते. बिळात विहीर नव्हती. मला एकदम रामचंद्रपंत अमात्य आठवले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी जे लिहिलं, त्यात आधी पाणी पाहा आणि मग किल्ला बांधा, असं सांगितलं आहे. शिवाय गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, टाकी खोदून ठेवा, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. झरासुद्धा घाबरतो, हे लिहून ठेवणारा प्रधान आपल्याला लाभला होता. पुतण्यानं लगेच टाकं खोदायला घेतलं. त्याच्या मागे उभा राहून मी बुटक्यांच्या गडाला हुकूमतपन्हा अमात्य असल्यासारखा सल्ला देत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की माझा दुपारचा चहा निवून गेला होता.

गडाचं दार वेळेवर बंद होण्याची आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध कथा हिरकणीची. दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, सांज झाली, दरवाजे मिटले, आणि ती आत अडकली. खेळाच्या हिशेबानं पाहिलं तर यात तक्रारीला जागाच नाही. महाराष्ट्रातल्या सगळ्यात बळकट गडावर, दरवाजाच्या आतल्या बाजूला, पहाऱ्यात असलेली बाई! तिच्याइतकं सुरक्षित त्या रात्री कोण असेल? पण तिचं बाळ खाली घरी होतं. म्हणून सुरक्षित जागेतून निसटण्यासाठी ती काळोखात कड्यावरून उतरली. कथा सांगते की महाराजांनी तिला शिक्षा केली नाही, तिथं बुरूज बांधला आणि त्याला तिचं नाव दिलं. बांधकामाच्या भाषेत याचा अर्थ, तटात राहिलेली फट बुजवली. पण लोक तो बुरूज दाखवताना फटीविषयी बोलत नाहीत.

माझ्या आजीची आई काही कडा उतरली नव्हती. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत आमच्या भागातही पोचला, तेव्हा लोक गावं रिकामी करून माळावर झोपड्या घालून राहिले. मेलेला उंदीर दिसला की निघायचं, हाच त्या काळचा इशारा. घरादाराला कुलपं, गावात चिटपाखरू नाही. आजी सांगायची, सगळी माणसं माळावर सुखरूप होती, पण तिची आई रोज दिवेलागणीला कुणाला न सांगता गावात जायची. ओस पडलेल्या आळीतून चालत यायची, आपल्या परसातल्या तुळशीला पाणी घालायची, दिवा लावायची आणि परतायची. एकदा पकडली गेली. नवरा रागावला, सासरा रागावला. कशाला गेलीस? काय राहिलं होतं तिथं? तिनं मान खाली घालून सांगितलं, "घर एकटं पडलंय."

यापुढे आजीकडे गोष्ट नव्हती. मी लहानपणी विचारायचो, मग तिला प्लेग झाला का? आजी म्हणायची, "झाला असता तर तू कुणाच्या मांडीवर बसला असतास रे खुळ्या?" पायमोज्याच्या मागे निघालेला तो बुटका मला आता तितका मूर्ख वाटत नाही. आपल्याला दिसतो तो मोजा. त्याच्या बुटक्या मनात तिथं काय एकटं पडलं असेल, कुणी सांगावं?

सगळ्यांनी मिळून, काही मागे न ठेवता गाव सोडणं फक्त एका ठिकाणी जमतं असं माझं मत आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेऊन आख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. तिथं शत्रू नसतो, वेढा नसतो. झोपड्या घालतात, भजनं होतात, चुली पेटतात. बहुधा शत्रू नसल्यामुळेच सगळे वेळेवर निघत असावेत. किंवा तिथल्या कुण्या शहाण्या पूर्वजानं ओळखलं असेल की माणूस भीतीनं घर सोडत नाही. जेवणावळ असेल तर सोडतो.

संध्याकाळी पुतण्याचा गड एकदाचा वाचला, बावीस बुटके आणि दोन मांजरं गमावून, आणि आम्ही दोघं पाय मोकळे करायला निघालो. नंदगडात पाय मोकळे करायचे म्हणजे ते आपोआप संगोळी रायण्णांच्या समाधीकडे वळतात. कित्तूरसाठी इंग्रजांशी झुंजलेल्या या माणसाला २६ जानेवारी १८३१ रोजी इथं फाशी दिलं. समाधीवर वडाचं झाड आहे. त्यांच्या सोबत्यानं ते रोप लावलं असं सांगतात. नवस बोलणाऱ्यांनी त्या वडाला छोटे पाळणे बांधलेले असतात. कुणी मराठीत पुटपुटतं, कुणी कन्नडमध्ये. वडाला दोन्ही भाषा येतात. वाऱ्यानं पाळणे हलत होते, रिकामेच. जिथं एक तरुण माणूस संपवला तिथं येऊन लोक मूल मागतात, हे लहानपणी मला विसंगत वाटायचं. आता वाटत नाही. पोरगं सांभाळायला द्यायचं तर ज्यानं राखण करताना स्वतःकडे पाहिलं नाही अशाकडेच द्यावं, इतका साधा हिशेब त्यात असावा. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, खेळात आया मुलांना घेऊन लढाईत जातात ना, ती चूक आहे असं मला वाटायचं." "मग?" "काही नाही." आम्ही परतलो.

त्या रात्री पाऊस आला. परतीच्या पावसाला आमच्याकडे कॅलेंडर दाखवता येत नाही. तो दिवाळीतही येतो आणि कापून पडलेल्या भातावर बिनदिक्कत बसतो. आमचं भात वहिनीनं तिन्हीसांजेलाच पोत्यांत भरून घेतलं होतं. कौलांवर पहिले थेंब वाजले तसा मी जागा झालो. भात आत होतं, माणसं आत होती, रेडकू गोठ्यात होतं. कूस बदलावी आणि झोपावं अशीच सगळी व्यवस्था होती. आणि एकदम मला कोपऱ्यातला किल्ला आठवला.

छत्री शोधायला वेळ नव्हता. अंगणात आलो तेव्हा तटावरून चिखल वाहू लागला होता आणि हळिवाचं रान आडवं झालं होतं. अंधारात चाचपत मी एका हातात गवळण घेतली, दुसऱ्या हातात भाजीवाली तिच्या वांग्यांसकट. कावडवाला बनियनच्या आत. जात्यावरची बाई चिखलात रुतली होती, ती हलक्या हातानं सोडवली. वाघालाही घेतला, इतक्या वर्षांचा शेजार होता. पाठीवर पाऊस मारत होता आणि मला, या वयात, विलक्षण महत्त्वाचं काम करत असल्यासारखं वाटत होतं.

सोप्याच्या दारात मोबाईलचा उजेड पडला. "काका! काय करायलाय तुम्ही भिजत? आत या! आत या बघू आधी!"

मी आत आलो. पायरीवर सगळ्यांना ओळीनं उभं केलं. ओल्या मातीचा तो करडा वास आला. पुतण्यानं उजेड फिरवला, एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "महाराज बाहेरच राहिले की."

मी ओळीकडे बघितलं. खरंच राहिले होते.

"बरोबर आहे क्रम," मी म्हणालो. "आधी खालची माणसं." आणि खुंटीवरची छत्री काढून पुन्हा अंगणात उतरलो. मागून पुतण्या ओरडतच होता, आत या म्हणून.